प्राप्त हरकती : एक

मित्रांनो, काशीदच्या अलीकडे एका लहान गावाच्या ग्रामपंचायतीत, दाराच्या डाव्या अंगाला, फणसाच्या लाकडाची एक जुनी पेटी भिंतीला ठोकलेली आहे. तिच्या माथ्यावर बोटभर रुंदीची फट आहे आणि पुढे पितळी कुलूप आहे. ती पेटी म्हणजे मी. मला राग येत नाही, दुःखही फारसे होत नाही. लाकूड एकदा वाळले की त्याच्या वाट्याला पावसाळ्यात फुगणे आणि उन्हाळ्यात आकसणे एवढेच उरते. तरीही माझ्या पोटात जे पडले आणि जे पडता पडता राहिले, ते मी क्रमाने सांगणार आहे.

तुळशीराम सुताराने देवळाच्या दारातून उरलेल्या फळीतून मला घडवले. माझ्यावर पांढऱ्या रंगात ‘सूचना व हरकती’ अशी अक्षरे काढली गेली. पहिली काही वर्षे मी क्वचितच रिकामी असे. नळाला पाणी नाही, दिव्याचा खांब वाकला आहे, मासळी वाळत घालण्याच्या जागेवर गाड्या उभ्या राहतात, अशी पत्रे येत. एका पाहुण्या अधिकाऱ्याने माझ्यावर हात फिरवून ‘गाव जागे आहे’ असे म्हटले होते. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला, गावाचा ग्रुप झाला, आणि लोक तिथेच तक्रार करून तिथेच विसरू लागले. माझ्या पोटात पालीने अंडी घातली. माथ्यावर जळालेल्या ट्यूब साठत गेल्या.

गेल्या वर्षी मला पुन्हा पुसले गेले. किनाऱ्यावरच्या टपऱ्या भरतीरेषेच्या आत आहेत, म्हणून त्या नियमाप्रमाणे हटवाव्यात, असा अर्ज गावात बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी उच्च न्यायालयात केला होता. न्यायालयाने आधी स्थानिकांचे म्हणणे मागवले. त्याप्रमाणे माझ्याशेजारी नोटीस लागली : पंधरा दिवसांच्या आत, प्रत्येकाने स्वतंत्र, लेखी, सहीनिशी, या पेटीत किंवा ई-मेलने.

नोटिशीपुढे रोज माणसे जमत. मार्तंड गुरुजी हे सुपारीच्या वाडीचे मालक आणि निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, “न्यायालयाचे चुकले असे मी म्हणणार नाही. किनारा सर्वांचा आहे, आणि प्लास्टिक आपणच टाकले आहे.”

“माझ्या टपरीपुढं एक कागूद दावा, गुरुजी. रोज झाडते मी,” सोनूबाई म्हणाली. ती अठरा वर्षे किनाऱ्यावर नारळपाणी आणि भजी विकत होती, आणि नवऱ्याच्या मागे तिचे घर त्या टपरीवरच उभे होते. “आनि त्या बंगल्याची भित थेट वालूत हाय, ती कुनाला दिसत न्हाय?”

“भिंतही नियमात बसत नाही. तसे लिहा.”

“लिवते. भरतीची रेघ आखाया साहेब आलता तवा वहटी व्हती, पानी न बगताच रेघ मारली, ते पन लिवते.”

माणसे हसली. मला वाटले, आता माझे पोट भरणार.

पण या गावाची एक रीत आहे. बाहेरच्या जगाला उत्तर द्यायचे असले की गावकी बसते, एकमताने ठरते, एकच कागद निघतो आणि त्याखाली सारे सह्या करतात. गावाला होड्या लावायचा धक्का मिळाला तो अशाच एका कागदावर. वेगळा कागद देणारा गावातून फुटला असे धरतात. त्याच्या घरच्या लग्नाला जाताना लोक दोनदा विचार करतात.

“नोटिशीत ‘स्वतंत्र’ असा शब्द आहे, हिरामण,” गुरुजी म्हणाले.

हिरामण गावकीचा अध्यक्ष. “गाव एक हाय, तर कागद एक. दोनशे जनांनी दोनशे गोष्टी लिवल्या तर साहेब म्हनंल, यांचंच यांना ठावं न्हाय. आनि गुरुजी, तुमच्यासारखं लिवनारा दुसरा हाय कोन?”

गुरुजी वादात सहसा हरत नसत; या प्रश्नापुढे मात्र त्यांनी लेखणी उचलली. तीन दिवस बसून त्यांनी अकरा पानांचे पत्र लिहिले. त्यात एकही विरामचिन्ह चुकलेले नव्हते. त्याखाली दोनशे चौदा सह्या झाल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी सोनूबाई एकटीच आली. तिच्या हातात वहीचे घडी घातलेले पान होते. ते अर्धे माझ्या फटीत शिरले, तेवढ्यात दारातून हिरामणचा आवाज आला.

“काय गं सोनूबाय, सही केलीस न्हवं?”

“केली की.”

“मग ह्यो कसला कागूद? येगली चूल मांडतेस काय?”

अर्धे पान माझ्यात होते. मला फट होती, दात नव्हते. पान मागे गेले.

दुसऱ्या दिवशी हरकती गोळा करायला तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी कुलूप उघडले. आत एक जाड लिफाफा निघाला. त्यांनी नमुन्यात लिहिले : प्राप्त हरकती, एक.

“त्यावर दोनशे चौदा सह्या आहेत, साहेब,” गुरुजी म्हणाले.

“सह्या असतील, गुरुजी. हरकत एकच आहे. टपऱ्या हटवा म्हणणारे एकोणचाळीस ई-मेल आलेत, ते मात्र वेगवेगळे आहेत.”

अहवाल तसाच न्यायालयात गेला. भिंतीचा मुद्दा गुरुजींच्या पत्रात दहाव्या पानावर होता. अहवालात तो आला नाही. पुढे टपऱ्या हटवण्याचा आदेश झाला. सोनूबाईने आपले वासे स्वतःच उपटले. एका वाशाचे दुसरे टोक हिरामणने धरले होते.

महिन्याभराने ती दाखल्यासाठी पंचायतीत आली. गुरुजी बाकावर बसले होते. तिने पिशवीतून तेच पान काढले आणि माझ्यात टाकले.

“आता टाकून काय उपयोग, सोनूबाई?”

“टाकायचा व्हता, टाकला.”

गुरुजींनी मान खाली घातली. त्यानंतर माझे कुलूप कोणी उघडलेले नाही. ट्यूब पुन्हा माथ्यावर आल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी पेटी असेल. तिच्यावर अडगळ ठेवू नका, तिची किल्ली हरवू देऊ नका, आणि तुमचा कागद अर्धा आत गेला असेल, तर तो कोणाच्याही सांगण्यावरून मागे ओढू नका. माझी एवढीच विनंती आहे. सोनूबाईचे पान अजून माझ्या पोटात आहे. त्याची पहिली ओळ घडीच्या बाहेरच्या बाजूस आली आहे, म्हणून ती मला वाचता येते : ‘मी सोनूबाई, हे माझे एकटीचे म्हणणे आहे.’