थर्मासमधलं तीर्थ

बबिताच्या श्वासाला पिकल्या फळाचा वास येतो, ही बातमी सकाळी तांड्यात फुटली आणि दुपारपर्यंत तिच्या बापाच्या, देवसिंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. झरी जामणीकडच्या रानातली माणसं टेम्पो करून आली. हातात नारळ, उदबत्त्या. एकेकानं पुढं व्हायचं, खाटेवर पडलेल्या सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडाशी नाक न्यायचं, पोटभर हुंगायचं आणि डोळे मिटून ओरडायचं, "देवी आली वं, देवी!"

उशाशी हिमगिरी महाराज बसले होते. मांडीवर भगव्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा थर्मास. त्यातलं कैलासाचं तीर्थ म्हणे या उकाड्यातही बर्फासारखं गार राहतं. थर्मासात गार राहतं, यात कसला आला चमत्कार? पण विचारतो कोण!

"देखो, भक्तहो!" महाराज गरजले. "पोरगी जेवली नाही, तरी श्वास पाहा कसा चालून राह्यला! योग्याले असा प्राणायाम कराले बारा वर्षं लागते. हिले देवीनं एका तापात देला!"

प्राणायाम कसला, डोंबलाचा! पोरगी धापा टाकत होती. ओठ तडकले होते, जीभ टाळूला चिकटली होती. मधूनच ती पुटपुटे, "याडी, पाणी."

याडी म्हणजे आई. रुपीबाई तांब्या घेऊन धावली, की महाराज हात आडवा घालत. "उपास मोडते देवीचा!"

रुपीबाई तशी खुळी बाई नव्हती. बबिताला लहानपणापासून साखरेचा आजार. जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई, एकही दिवस चुकवायची नाही. घरी फ्रीज नाही, म्हणून सुईचं निळं पेन ती ओल्या वाळूतल्या मडक्यात जपून ठेवी. पण यंदा तांड्यात साथीचा ताप आला आणि बबितानं अंथरूण धरलं. घास पोटात ठरेना. रुपीबाईनं मायेनंच विचार केला, पोरगी जेवतच नाही, तर साखर कुठून वाढंल? उपाशीपोटी सुई कायले टोचू? आणि तिनं सुई बंद केली.

दुसऱ्या दिवशी पोरीला धाप लागली आणि तो वास सुरू झाला. तापाच्या साथीवर तीर्थ वाटत फिरणारे महाराज नेमके तेव्हाच दारात आले. त्यांनी हुंगलं आणि हुकूम सोडला, "लोखंड अंगात गेलं का देवी पळते. त्या सुया नाल्यात टाका!" रुपीबाईनं आपल्या हातानं टाकल्या.

दुपारी महाराजांसाठी कोंबडं शिजलं. जेवणाआधी ते नेहमीप्रमाणे थर्मास घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून ध्यानाला बसले. ध्यान झटपट आटोपलं. मग बाहेर येऊन त्यांनी भाकरीवर असा ताव मारला की वाढणारी थकली.

तेवढ्यात रुपीबाई आत सरकली. पाणी चालत नाही ना देवीला? मग तीर्थ तर चालंल! चोरून दोन चमचे लेकीच्या तोंडात घालावे, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं झाकण फिरवलं.

आत बर्फाचे तुकडे. आणि बर्फात, प्लास्टिकच्या पिशवीत, निळं पेन. मडक्यात होतं अगदी तसंच.

जेवणाआधीचं ध्यान!

ती थर्मास घेऊन अंगणात आली आणि साऱ्या गर्दीसमोर तिनं तो उलटा केला.

"महाराज, हे काय हाये?"

महाराजांचा घास तोंडातच राहिला. "वो... वो देवी का अस्त्र है, माई."

"अस्त्र? म्हणजे तुमच्या पोटात लोखंड गेलं तं चालते? माह्या पोरीची सुई नाल्यात टाकाले लावली आन् सोता रोज टोचून घेता? दाखवा पोट!"

देवसिंगनं कफनी वर ओढली. बेंबीभोवती सुयांचे बारीक डाग होते. महाराजांनी हिसका दिला, पेन उचललं, मोटरसायकलवर टांग टाकली आणि पोबारा केला.

आता लोक चवताळतील असं वाटलं ना? छे! म्हातारे रामराव म्हणाले, "महाराज खोटे असन, पण वास तं खरा हाये नं?" आणि रांग पुन्हा पुढं सरकली.

देवसिंगनं धावजीचे पाय धरले. तांड्यात जीप त्याच्याकडेच. "दवाखान्यात नेऊन दे, भाऊ."

"देवी अंगात असतानी शिवेबाहेर नेली तं जीप उलटंल माही," धावजी म्हणाला.

शेवटी देवसिंगनं मोटरसायकल काढली. मागं रुपीबाई, मध्ये ओढणीनं बांधलेली पोर. खड्ड्यांच्या रस्त्यानं तालुक्याला पोचेपर्यंत बबितानं पाणी मागणंही सोडलं होतं.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टर उज्ज्वला यांनी बोटाचं रक्त तपासलं. साखर इतकी, की मशीनवर आकडा मावेना. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं, यवतमाळला न्यायला गाडी उभी राहिली. गाडीत घालायच्या आत बबिता गेली.

रुपीबाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "जेवत नव्हती नं बाई ते. मंग साखर आली कुठून?"

डॉक्टर तिच्याजवळ खाली बसल्या. "तापात शरीर स्वतःच साखर वाढवतं, बाई. न खाताही. इन्सुलिन नसलं की ती साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळतं. त्यातून आंबट विष तयार होतं, त्याचाच तो वास. ते विष बाहेर टाकायला धाप लागते. सुई कोणी बंद करायला सांगितली?"

"कोनीच नाई," रुपीबाई म्हणाली. "म्याच केली."

तिसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. शेजारच्या मानीबाईनं हळूच विचारलं, पोरीची उशी मिळंल का? देवीचा वास असंल अजून तिले.

रुपीबाई उठून उभी राहिली.

"ऐका सारे. देवी आली नव्हती. माही पोरगी मरून राह्यली होती, त्याचा वास होता तो. ज्याच्या घरी साखरेचं माणूस हाये त्यानं कान उघडून ऐका. ताप आला, जेवन गेलं, तरी मनानं सुई बंद करू नका. कितीक द्याची ते डॉक्टरले इचारा. पानी पाजा. साखर घडीघडी तपासा. उलटी थांबंना, धाप लागली, तोंडाले असा वास आला, तं नारळ फोडू नका, दवाखाना गाठा. म्या चुकली, ते जलमभर भोगीन. तो भामटा मजेत हाये, त्यानं आपली सुई एक दिवस चुकवली नाई. आन् तुमी? माह्या पोरीले हुंगाले टेम्पो करून आलते. तिले दवाखान्यात न्याले एकाचीबी गाडी निघाली नाई."