माझ्या पोटातला कापूस

मी एक जुनी दाराची बेल आहे. बटण दाबल्यावर चिवचिव करणारी ती प्लॅस्टिकची खेळणी वेगळी, मी पितळेची. माझं बटण दाराबाहेर आणि पोट दाराच्या आत, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं. मित्रांनो, याचा हेवा करू नका. ऐकायचं सगळं आणि बोलायचं म्हटलं तर एकच शब्द, ट्रिंग! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मला घडवणारा कारागीर मोठा चिकित्सक होता. माझी वाटी तो कानाशी धरायचा, टिचकी मारायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा कानशीने घासायला घ्यायचा. झोपलेलं बाळ दचकू नये, पण आळशी माणूस मात्र उठावा, असा आवाज त्याला हवा होता. तो जमला तेव्हा त्याने मला फडक्याने पुसलं आणि स्वतःशीच हसला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

पुढे मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी आले. घरात माणसं तीन. बाबा पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत, तक्रार विभागात. दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खायची आणि वर "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं. आई घरीच मशीनवर लोकांचे पडदे शिवायची. आणि त्यांची मुलगी भिंगरी. हे तिचं लाडाचं नाव, कारण एका जागी बसेल तर शपथ.

संध्याकाळी बाबा मला दोनदा दाबायचे. आतून भिंगरी ओरडायची, "कोण आहे?" कोण आहे ते तिला पक्कं ठाऊक असायचं. तरी बाबा रोज नवा धंदा सांगायचे.

"हत्तीच्या चपला विकणारा!"

"आमच्याकडे हत्ती नाही. शेजारी विचारा!"

दुसऱ्या दिवशी, "घोरणं दुरुस्त करणारा!"

"मग लवकर या, आईला गरज आहे!"

आत मशीन थांबायचं आणि आई म्हणायची, "घेतेस का त्या माणसाला घरात, की मी उठू?" दार उघडेपर्यंत बाबांच्या चेहऱ्यावरचे सगळे पंप उतरलेले असायचे. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

मग बाबा विभागाचे प्रमुख झाले आणि माझे ग्रह फिरले. आता ते मला एकदाच दाबायचे, आणि असं की जणू तक्रार मीच केली आहे. "कोण आहे?" विचारलं की "उघड आधी!" एकदा भिंगरीने हट्टाने पुन्हा विचारलं, तर ते इतके ओरडले की शेजारचं दार किलकिलं झालं. त्या दिवसापासून तिने विचारणंच सोडलं.

बाबांना झोप येईना, छातीत धडधड होई. शेवटी ते समुपदेशक बाईंकडे गेले. बाईंनी सांगितलं, घरात जाण्याआधी जरा थांबा, चार श्वास सावकाश घ्या, ऑफिस बाहेर ठेवा आणि मग आत जा. सल्ला लाख मोलाचा. पण आमच्या बाबांनी काय केलं? माझ्यासमोरच्या पायरीवर बसले, डोळे मिटले, पहिला श्वास घेतला आणि खिशातला फोन वाजला. दुसरा श्वास "दिलगीर आहोत" मध्येच गेला. ऑफिस बाहेर ठेवायचं सोडून हे ऑफिसबरोबर बाहेर बसू लागले! कपाळावर हात मारून घ्यावा, तर मला हात नाहीत.

आतली तऱ्हा त्याहून न्यारी. आईने ठरवून टाकलं की यांना आवाजाचा त्रास होतो. बाबांची यायची वेळ झाली की मशीन बंद. भिंगरीने अनवाणी चालायचं, तेही भिंतीच्या कडेने. आणि मग आईची नजर माझ्याकडे वळली. डब्यातला कापूस काढून तिने माझी वाटी आणि तिच्यावर आपटणारी हातोडी यांच्यामध्ये गच्च कोंबला. ज्या आवाजासाठी कारागिराने जीव ओतला, त्याचं झालं 'थब्'. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

रोज बाबा यायचे, पायरीवर बसायचे, मग मला दाबायचे. थब्. आत ना मशीनची खडखड, ना पळणारी पावलं. आई हलकेच दार उघडायची आणि सगळे कुजबुजत जेवायचे. बाबांचं पायरीवरचं बसणं लांबत चाललं. एका संध्याकाळी ते फोनवर आपल्या मोठ्या भावाशी बोलत होते.

"दादा, दूरच्या शाखेत जागा रिकामी आहे. एकटाच जातो. मी आलो की घरातला आवाजच मरतो बघ. मी नसलो तर सुखाने राहतील दोघी. उद्या सकाळी होकार देतोय."

अहो, काय बोलताय काय! त्या दोघी तुमच्यासाठी गप्प, तुम्ही त्यांच्यासाठी बाहेर, आणि खरं काय ते जिला ठाऊक तिच्या पोटात कापूस! इतकी चिडले होते मी त्या दिवशी.

त्याच वेळी आत भिंगरी शाळेसाठी आकाशाचा देखावा करत होती. ढगांना कापूस हवा, आणि डब्यात कापूस नाही. असेल कुठून? स्टूल ओढून ती माझ्यापाशी चढली आणि तिने सगळा कापूस उपसून काढला. त्या क्षणी बाहेर बाबांनी बटण दाबलं.

ट्रिंग!

मीच दचकले. आणि स्टुलावरची भिंगरी, जुनी सवय, जोरात ओरडली, "कोण आहे?" लगेच तिने जीभ चावली. आई तोंडावर बोट ठेवून धावत आली. बाहेर बाबा बटणावरचं बोट न काढता उभे होते. बोला ना हो, दिवसभर परक्यांशी बोलता! मग घोगरा आवाज आला.

"बिघडलेला पंप... परत करायला आलोय."

भिंगरीने आईकडे पाहिलं. मग बाबांच्याच ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आमच्याकडे माल परत घेतात. आत या!"

बाबा आत आले ते चपलांच्या कपाटावरच बसले आणि रडले. बदलीचं सगळं सांगितलं. आई संतापली. "मशीन बंद करून मी हातावर हात ठेवून बसते ते कोणासाठी? तुम्हाला आवाज नको म्हणून ना?"

"मला वाटलं, तुम्हाला मी नको."

आई ताडकन वळली. आत गेली आणि तिने मशीन सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं, तरी ती नुसतंच चालवत राहिली. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

सकाळी त्यांनी नकार कळवला. सगळं सुरळीत झालं असं नाही. बाबा अजून चिडतात, बाईंकडेही जातात. पण आता पायरीवर बसताना फोन बंद असतो आणि चारही श्वास पुरे होतात. भिंगरी कधीकधी शेजारी येऊन बसते, तिला मात्र दोनही जमत नाहीत.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझी वाटी मधूनमधून पुसा, एवढं केलंत तरी पुरे. घरात कोणी दमून आलं तर शांतता जरूर द्या, पण ती त्याला हवी आहे का, हे आधी विचारा. आणि दाराशी कोण आहे हे अगदी पक्कं ठाऊक असलं, तरीसुद्धा आतून एकदा मोठ्याने विचारा, "कोण आहे?"