तांब्याला शेवटचा ठोका

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे, आणि मोडीत जायला मी मुळीच तयार नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. वीतभर लांबी आणि दोन्ही टोकांना एकेक भोक, एवढाच माझा पसारा. पण कराडजवळ अंजनाबाईंच्या गुऱ्हाळावर ऊस पिळणारा चरक फिरतो ना, त्याची वीज माझ्या अंगावरून जाते.

माझा जन्म सांगलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला गार अवस्थेतच रुळांमध्ये घालून लाटलं. कणीक लाटली की निमूट पसरते, माझं तसं नाही. माझ्या अंगात बारीक बारीक कण असतात, एकाला एक खेटून बसलेले. लाटताना ते चेपतात, लांबट होतात, एकमेकांत अडकतात, आणि मी ताठ होते. फार वाकवाल तर चिरेन. विजेलाही त्या गर्दीतून वाट काढायला जराशी अडचण होते. कारखान्यातल्या माणसांना हे ठाऊक होतं. त्यांनी मला पुन्हा भट्टीत तापवलं, तेव्हा आत नवे, मोकळे कण तयार झाले. अंग सैल झालं आणि मी कामाला लागले.

गुऱ्हाळावर माझी काय वट होती म्हणून सांगू! हंगामात दिवसभर चरक चालायचा, काहिलीत रस उकळायचा. मी बसते त्या स्विचबोर्डाच्या पेटीला येताजाता अंजनाबाई हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "गार हाय, म्हंजे बेस चाललंय." येणारेजाणारे गुळाचं कौतुक करायचे. माझं कौतुक त्या एकट्या बाईने केलं.

मग माझी गाठ पडली नाथाजींशी. नाथाजी गावचे लोहार, विळे-कोयते बनवणारे. दर हंगामाआधी बोर्ड उघडून साफ करायचं काम त्यांच्याकडे आलं. माणूस भला, पण हाताला सवय लोखंडाची. दुरुस्तीला आलेली वस्तू ऐरणीवर शेवटचे दोन ठोके दिल्याशिवाय परत द्यायची नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. कोयत्याला ती मानवत असेल. मला का? काढताना वाकली म्हणून ठोका, सरळ झाली तरी ठोका, आणि वर रीत म्हणून ठोका. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

यंदा मी इतकी ताठ आणि वाकडी झाले होते की बोल्टाखाली सपाट बसेना. नुसती कडेवर टेकत होते. सगळी वीज त्या एवढ्याशा कडेतून जायला लागल्यावर काय होणार? हंगामाच्या पहिल्याच दिवशी बोर्ड तापला, जळका वास सुटला आणि चरक बंद पडला. तोडलेला ऊस अंगणात तसाच पडून राहिला.

"तांबं म्हातारं झालं, वहिनी," नाथाजी म्हणाले. "आता त्यातनं करंट जात न्हाई. द्या मोडीत."

अंजनाबाईंनी मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. मला असा संताप आला! ठोकायचं यांनी आणि नाव माझं खराब. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तेवढ्यात राजेश्वरी आली. ती कराडात जळालेल्या विजेच्या मोटरींमध्ये नवी तार भरून देते. तिला चरकाची मोटर बघायला बोलावलं होतं. मोटर ठणठणीत निघाली, तेव्हा तिने पोत्यातून मला काढून वाकवून पाहिलं.

"म्हातारी कुठली? मार खाऊन ताठलीया ही," ती म्हणाली. "ठोकल्यानं करंट लय कमी होत न्हाई, थोडासाच होतो. पर ही बोल्टाखाली बसंना, म्हणून तापली. काका, भट्टीत लाल करा आन् पाण्यात सोडा."

"पाण्यात? आवं, पाणी दिल्यावर पार दगूड हुईल की."

"लोखंड हुतं तसं. तांब्याला तापवलं की त्ये मऊच पडतं, पाण्यानं नुसतं गार व्हतं."

नाथाजींचा हात धजेना. "उभा जल्म पाणी देऊन कडक करत आलोय मी," ते म्हणाले.

"मोडीतच निघाली हुती न्हवं?" अंजनाबाई म्हणाल्या. "मग आता बिघडायचं काय राह्यलंय?"

मग सगळे नाथाजींच्या भट्टीपाशी गेले. तिथे नाथाजींनी मला लाल केलं आणि तोंड फिरवून पाण्यात सोडलं. चर्रर्र झालं, काळी खपली सुटली. त्यांनी मला उचललं तर मी त्यांच्या दोन बोटांत वाकले. मग त्यांनी मला दोन फळ्यांत दाबून सपाट केलं, ऐरणीवर ठेवलं, आणि सवयीने त्यांचा हात हातोड्याकडे गेला.

"काका," राजेश्वरी म्हणाली.

"रीत हाय पोरी. ती मोडायची कशी?"

हातोडा वर गेला. मला पळता थोडंच येतं? म्हटलं मारायचं तर मार, पण उद्या पुन्हा माझ्यावर आळ घेऊ नकोस. नाथाजी माझ्याकडे बघत थांबले. मग त्यांनी मला बोटाने बाजूला सारलं आणि नुसत्या ऐरणीवर दोन ठोके मारले.

"रीतबी राह्यली," ते म्हणाले, "आन् हीबी राह्यली."

दुपारपर्यंत मी बोल्टाखाली सपाट बसले आणि चरक फिरायला लागला. मित्रांनो, मला तुमची दया नको, फक्त नीट वागवा. आणि माझ्यासारखं कुणी ताठ झालेलं दिसलं, तर ते निकामी आहे म्हणून टाकून देऊ नका. आधी एवढं विचारा, याला ठोकलं कुणी?