विचारणारं कुणी आहे का?

आमची सून टीव्हीचे चॅनल घरोघर पोचवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसायची. लोक ओरडायचे, "चित्र अडकलंय!" आणि ती सांगायची, "एकदा बंद करून चालू करा." हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की एकदा मला उचकी लागली, तर तिने मलाही तेच सुचवलं.

मग कंपनीने प्रशिक्षण काढलं. शेवटच्या दिवशी परीक्षा. ज्या टेबलावरचं चित्र जेवणाची सुट्टी संपेपर्यंत हलतं राहील, त्या टेबलावरची माणसं कंट्रोल रूममध्ये. बाकीची आपापल्या जागी परत.

"बाबा, पुन्हा तो हेडफोन कानाला लावायचा नाही मला," सून म्हणाली. "काही झालं तरी."

शिकवायला एक सडपातळ मास्तर होते. माणसांपेक्षा तारांशी जास्त अदबीने बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळा मामला उलगडून सांगितला : तेच चित्र प्रत्येकाला वेगवेगळं पाठवलं तर तारा तुंबतात. सरसकट सगळ्यांना पाठवलं तर न मागणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून चित्र एकदाच सोडायचं आणि जो मागेल त्याच्याच दारात वळवायचं. याला मल्टिकास्ट म्हणतात. कुणी मागितलंय ते लक्षात ठेवायचं काम स्विचचं. स्विच म्हणजे तारा खोचायची पेटी.

परीक्षेला प्रत्येक टेबलावर असे स्विच, चित्र सोडणारा एक कॉम्प्युटर आणि दोन पडदे होते. चित्रात एक सोनेरी मासा पोहत होता. सुनेचा जोडीदार होता कंपनीतलाच एक जाडजूड गृहस्थ. कुठल्याही दुखण्यावर त्याचा एकच इलाज, म्हणून त्याला सगळे रीस्टार्ट म्हणत. सुनेच्या नशिबाचा विनोद पाहा.

जोडणी झाली, मासा पोहू लागला, मास्तर डबा घेऊन खिडकीशी जाऊन बसले. काही मिनिटांत मासा तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजला.

"ताई, मासा गेला."

"हात लावू नका."

"एकदा बंद करून..."

"ते वाक्य माझ्यासमोर उच्चारायचं नाही!"

तोवर त्याने बटण दाबलंही होतं. मासा पोहू लागला. "बघा! हाताला यश आहे माझ्या," तो म्हणाला. यश काही मिनिटं टिकलं. मासा पुन्हा थिजला. सगळ्या टेबलांवर तेच चाललं होतं. हॉलभर मासे मरत होते आणि जिवंत होत होते, आणि मास्तर शांतपणे घास चावत होते. आग लावून शेकत बसलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा होता.

इकडे घरी आमची ही मला म्हणाली, "अहो, सुनेला फोन लावा. संध्याकाळी जेवायला आहे का विचारायचंय."

"परीक्षा आहे तिची."

"म्हणून उपाशी राहायचं?"

मी फोन लावला आणि स्पीकर चालू करून हिच्यापुढे धरला. या प्रश्नाला उत्तर असतं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

"अगं, जेवायला आहेस ना?"

"आई, परीक्षा चालू आहे!"

"ते मी विचारलंच नाही. आहेस की नाहीस?"

"आहे हो! सकाळीच सांगितलं होतं ना!"

"सकाळचं सकाळी. माणसांचे बेत बदलतात. मी पुन्हा पुन्हा विचारणार. हो म्हणेल त्याचं ताट मांडणार, गप्प बसेल तो नाही असं धरणार."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, परत सांगा. गप्प बसला की?"

"नाही असं धरणार. मग काय, रिकामं ताट मांडून माशा मारू?"

फोन तसाच चालू राहिला आणि सुनेची आरोळी आम्हालाही ऐकू आली : "इथे विचारणारं कुणी नाहीये!"

रीस्टार्ट गहिवरला. "ताई, असं मनाला लावून घेऊ नका. मी आहे ना."

पण सून भलत्याच आनंदात होती. पडदा सुरुवातीला एकदा 'मला हवं' म्हणतो. स्विच ते ऐकतो. पण पुढे 'अजून हवंय का?' असं कुणी विचारलंच नाही, तर पडदा कशाला बोलेल? आणि पडदा बोलला नाही की स्विच समजतो, गेला. बंद करून चालू केलं की पडदा पुन्हा मागतो, म्हणून मासा घटकाभर जगतो. एरवी हे विचारायला जाळ्यात कुणीतरी नेमलेलं असतं; मास्तरांनी तो विचारणाराच काढून घेतला होता.

तिने एका स्विचला विचारायच्या कामाला लावलं. मासा पोहला आणि थिजला. रीस्टार्टचा हात बटणाकडे निघाला.

"खिशात!" सून म्हणाली. हात खिशात गेला.

तिने पुन्हा पाहिलं. विचारणाऱ्याला काम दिलं होतं, पण तारांच्या जाळ्यात प्रत्येकाला लागतो तो पत्ता दिलाच नव्हता. बिनपत्त्याचा माणूस कुणाच्या दारात जाऊन काय विचारणार? तो तोंडच उघडत नव्हता. तिने पत्ता दिला.

मासा पोहला. पोहत राहिला. काही मिनिटं गेली, आणखी गेली, शेजारच्या टेबलांवरची मंडळी उठून भोवती जमली. रीस्टार्टने दोन्ही हात खिशात घट्ट धरून ठेवले होते. उभ्या नोकरीत त्याने इतकं कष्टाचं काम केलं नव्हतं. सुट्टी संपली तेव्हाही मासा मजेत होता, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

मास्तर डबा बंद करत आले. "बंद करून चालू केलंत?"

"नाही सर. विचारणारं बसवलं."

"कुठे शिकलात?"

"सासूबाईंकडे."

मास्तरांनी पहिल्यांदाच तारांवरून नजर उचलून माणसाकडे पाहिलं. "त्या क्लास घेतात का?"

कंट्रोल रूम दोघांनाही मिळाली. रीस्टार्टला हात खिशात ठेवण्याच्या अटीवर.

संध्याकाळी सुनेने सगळं सांगितलं. ही लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे सारखं विचारावंच लागतं?"

"हो आई. नाहीतर सगळं ठप्प."

"यांना सांग जरा." 'यांना' म्हणजे मला आणि आमच्या चिरंजीवांना. मग ही उठली, पदर खोचला आणि कंट्रोल रूमच्या थाटात विचारलं, "कोण कोण जेवणार?"

"मी!" सून म्हणाली. "मी!" मी तिच्याही आधी म्हणालो. चिरंजीव मोबाइलमध्ये होते.

तीन ताटं लागली.

"आई, माझं ताट?" चिरंजीव म्हणाले.

हिने सुनेकडे पाहिलं. सुनेने घसा साफ केला आणि तक्रारींच्या फोनवरच्या त्या मधाळ आवाजात, शेवटचं म्हणून, नवऱ्याला सांगितलं :

"एकदा बाहेर जाऊन परत आत ये."