अंगदच्या हातातली चिंधी

विज्ञान दिनाच्या नाटकातली सगळी कामं वाटून झाली आणि मग पंकजा शाळेत परत आली. तिचे आईबाप अजून ऊसतोडीवर होते. सातवीचं वर्ष बुडू नये म्हणून चुलती कडूबाई जाऊन तिला घेऊन आली होती. पंकजाला मात्र वर्षापेक्षा नाटकाची काळजी होती. तिला त्यात काम हवं होतं.

"आता काम उरलं नाही गं," नारायण सर म्हणाले. "तू बसून बघ. बघताना काही खटकलं तर सांग, तेही कामच आहे."

सर रोज सावेडीहून स्कूटरवर यायचे आणि नाटक त्यांनीच रचलं होतं. शरीरात जंतू शिरतो, पहारेकरी पेशी त्याला गिळते, त्याचे तुकडे करते आणि एक तुकडा हातावर धरून जंतूंशी लढणाऱ्या टी पेशींकडे नेते. टी पेशी पारावर बसावं तशा लसिका गाठीत बसलेल्या असतात. "त्यांना अख्खा जंतू कळत नाही," सर समजावायचे. "तुकडा करून, हातावर धरून दाखवला तरच कळतो. आणि प्रत्येकीला एकच तुकडा ओळखता येतो."

आता हे ओळखणं दाखवायचं कसं? गावात घरोघरी गोधडीसाठी चिंध्यांचं गाठोडं ठेवलेलं असतं. सरांनी प्रत्येकाला घरून एकेक चिंधी आणायला लावली. रामहरी जंतू झाला होता, अंगद पहारेकरी आणि बाकीची पोरं पारावरच्या टी पेशी. रामहरीच्या अंगावर कुणाची तरी चिंधी टाचायची, अंगदने ती फाडून पारावर आणायची, आणि ज्याच्या घरची असेल त्याने उठून रामहरीला बदडायचं.

पोरांना हे फार आवडलं. आईचं लुगडं कोण ओळखणार नाही? त्या दिवशी ज्योतीच्या आईच्या हिरव्या लुगड्याची पाळी होती. अंगदने चिंधी वर धरताच ज्योतीने रामहरीला असा रट्टा दिला की तो खरोखरच कळवळला.

पंकजाने हात वर केला. "सर, जोतीच्या आईचं लुगडं जंतूपाशी कसं काय?"

"वाळत घातलेलं चोरलं मी," रामहरी पाठ चोळत म्हणाला. सगळे हसले.

"तसं न्हाई. घरचं लुगडं दिसलं की मारायचं, हे जोती शिकली. उद्या तिची आई तेच नेसून आली तर? जोती तिलाच मारंल की."

पोरं आणखी हसली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "अगदी उलटं बसवलं मी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिथे टी पेशींची परीक्षा होते. घरचं कापड पाहून जी अंगावर धावते, तिला तिथेच बाद करतात. क्वचित एखादी निसटते आणि माणूस आपल्याच अंगाशी भांडत बसतो. उरतात त्या परक्या कापडाच्या जाणकार."

"पण परकं कधी बघितलंच न्हाई, तर वळखायचं कसं?" ज्योतीने विचारलं.

"तयार होतानाच प्रत्येकीला वेगळा साचा मिळतो. तिचा तुकडा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पुष्कळ जणींचा येतच नाही. तरी त्या बसून असतात."

घरच्या चिंध्या घरी गेल्या. सरांनी शिंप्याकडून रंगीबेरंगी कातरण आणलं, प्रत्येक तुकडा अर्धा केला आणि एकेक अर्धा टी पेशींच्या छातीवर टाचला, दुसरा जंतूसाठी ठेवला. आईचं लुगडं गेल्यावर ज्योतीचा उत्साहही गेला. "मी जंतू होते," ती म्हणाली, "रामहरीला जोडीदार पाहिजेच." तिची जागा पंकजाला मिळाली. पिवळ्या फुलांचं कापड तिच्या वाट्याला आलं.

"एक ध्यानात ठेव," सरांनी तिला सांगितलं. "तुकडा जुळला तरी उठायचं नाही. पहारेकऱ्याने खांद्यावर हात ठेवून 'संकट खरं आहे' असं सांगितलं तरच उठायचं. नुसत्या जुळण्यावर फौज उठायला लागली तर धुळीच्या कणापायीही रणकंदन होईल."

विज्ञान दिनाला शाळेचं अंगण भरलं. कडूबाई पुढेच बसली होती. अंगदने रामहरीला गिळण्याचं सोंग उत्तम केलं, पिवळी चिंधी फाडली आणि पारावर आला. एकीला दाखवली, दुसरीला दाखवली. कुणीच हललं नाही. पंकजासमोर आला आणि दोन्ही तुकडे तंतोतंत जुळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून अंगद पुढचं सगळं विसरला. हातात चिंधी घेऊन तो नुसता हसत उभा राहिला.

पंकजा उठली नाही.

"ऊठ ना," अंगद दातांतल्या दातांत म्हणाला.

"आगं, जुळलं की. ऊठ," कडूबाईने खालून हाक दिली. कुणीतरी म्हणालं, पोरगी काम विसरली. पंकजाचं हे पहिलंच काम, आणि तेही लोकांच्या लेखी बिघडलं होतं. तिने सरांकडे पाहिलं. सर कडेला उभे होते, पण त्यांनी काहीच खुणावलं नाही.

"खांदा," ती पुटपुटली.

अंगदने जीभ चावली. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने सांगितलं, "संकट खरं हाय."

तेव्हा पंकजा उठली. ओच्यातून तिने तसल्याच पिवळ्या चिंध्या काढल्या आणि मागच्या पोरांना वाटल्या. एका टी पेशीच्या बघता बघता पुष्कळ झाल्या आणि रामहरी-ज्योतीवर तुटून पडल्या. ज्योती मरताना इतकी विव्हळली की टाळ्या तिनेच जास्त घेतल्या.

"पुढच्या वर्षी पहारेकरी कोण व्हायचं, ते आत्ताच ठरलं," सर चिंध्या गोळा करताना म्हणाले. अंगदने मान खाली घातली, पण तोही हसत होता.

घरी जाताना कडूबाई म्हणाली, "माझा जीव टांगणीला लागला हुता. जुळलं हुतं तर उठली का न्हाईस?"

"सांगावा न्हवता आला."

"बया, लई कडक कायदा हाय तुमचा." तिने कनवटीचा मोबाईल काढून पंकजाला दिला. "घे, तुज्या आईला सांग समदं."

फोन लागला. पंकजा बांधावर ऐसपैस बसली. "आई, आसं समज, तुज्या अंगात एक जंतू शिरला."

"शिरू दे," पलीकडून आई म्हणाली. "तू जेवलीस का, ते सांग आदी."