उजव्या हाताला भूल

"चिडायचं नाही," असं मला डॉक्टरांनी बजावलेलं. मला! जिच्या तोंडाला लागायला चेंदणीच्या मासळीबाजारात गिऱ्हाईक दहादा विचार करतं, त्या सगुणाला! पण करणार काय? मूत्रपिंडाच्या डोक्यावर लिंबाएवढी गाठ झालेली, आणि ती मेली माझ्या रागावरच टपून बसलेली. जरा चिडले, घाबरले, कुठे दुखलं, की बीपी सरसर वर. गाठ काढायची तर होतीच, आणि काढताना बीपी भडकलं तर टेबलावरच आटोपला कारभार. एकदा मी टेबलावरून तशीच परत आलेले, बीपी उतरेना म्हणून. ही दुसरी खेप.

त्र्याण्णव साल असेल. माजिवड्याच्या बाजूचं हॉस्पिटल. भूल देणाऱ्या डॉक्टर नीला माझ्या धाकट्या नणंदेच्या वयाच्या, बोलायला गोड. मला झोपवायच्या आधी, जागेपणीच, त्यांना मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालायची होती. म्हणजे ठोक्याठोक्याला बीपी पडद्यावर दिसतं.

"डावा हात द्या, सगुणाताई," त्या म्हणाल्या. "उजवा कामाचा."

डावा? डाव्या हातात काचेचा चुडा, मनगटापासून गच्च भरलेला. नर्स सरोज साबणाचं पाणी घेऊन तयारच. मी हात पोटाशी ओढला.

"अहो, उजव्यातल्या काढल्यात ना? मग डाव्यातल्या काढायला काय जातंय?" सरोज म्हणाली.

झालं! माझं टाळकंच सरकलं. "काढल्या नाहीत बाई, दर्याला दिल्यात! आम्हा कोळणींचा उजवा हात लग्नात रिकामा होतो. त्या बांगड्या दर्यानं घ्यायच्या आणि नवरा घरी पाठवायचा. ह्या डाव्या त्याच्या जिवाच्या. तो दामाजी बाहेर बाकावर बसलाय, आणि तू आत माझा चुडा उतरवतेस?"

पडद्यावरच्या आकड्यानं टुणकन उडी मारली. डॉक्टर नीलांनी सरोजला डोळ्यांनीच गप्प केलं आणि माझा उजवा हात हातात घेतला.

"बरं, हाच घेऊ. आधी फक्त मनगटापुरती जागा बधिर करते."

टोचलं, आग आग झाली, मग तेवढी जागा बधिरली. पण धमनी माझ्यासारखीच घाबरलेली, आकसून बसलेली. सुई आत जाईना. डॉक्टरांनी जरा वर पुन्हा टोचलं तशी मी "आई एकवीरे!" म्हणून किंचाळले. आकडा दोनशेच्या वर गेला. सर्जननी दारातून डोकावून विचारलं, "नीला, आजही रद्द करायचं का?"

मला दरदरून घाम फुटला. रद्द म्हणजे तीच गाठ घेऊन घरी जायचं, आणि पापलेटाच्या भावावरून भांडता भांडता एक दिवस पाटीवरच कोसळायचं.

डॉक्टर नीला स्टूल ओढून जवळ बसल्या. "दोन वाटा आहेत. बांगड्या काढून डावा हात द्या, तिथे पुन्हा जागेपुरती भूल देते. नाहीतर ह्याच हाताला बगलेत इंजेक्शन. अख्खा हात बधिर होतो, काही दुखत नाही, धमनीही सैल पडते, नळी सहज जाते. पण हात रात्रीपर्यंत लुळा राहील."

"आणि नंतर उठलाच नाही तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "क्वचित एखाद्याची नस दुखावते. बहुतेक वेळा काही होत नाही."

बहुतेक! ह्या हातानं मी कोयता चालवते, जाळं विणते. बोट किनाऱ्याला लागून राहिली तरी हा हात कधी बसून राहत नाही. हाच गेला तर मी कोण? एक मन म्हणे, काढ गं त्या बांगड्या, काच ती काच. दुसरं म्हणे, आणि उद्या दामाजीला काही झालं तर? जन्मभर कुणाच्या नावानं बोटं मोडशील?

"द्या बगलेत," मी म्हटलं. "पण लवकर द्या, माझं मन फिरायच्या आत."

बोटांत झिणझिण्या आल्या. मग हात गरम झाला, मग जड. डाव्या हातानं चाचपून बघितला तर कुणा परक्या बाईचा वाटला. नळी कधी गेली कळलंसुद्धा नाही. पडद्यावरचा आकडा शहाण्यासारखा जागच्या जागी.

जाग आली तेव्हा गाठ गेलेली. डॉक्टर नीला हसून सांगत होत्या, पण माझं लक्ष कुठे? उजवी बोटं हलव, हलव, असं मी स्वतःलाच ओरडत होते. हलेनात.

दामाजी खाटेशी बसलेला. माझा तो लुळा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत होता. सरोजनं त्याला सगळं सांगितलेलं.

"बोटीवर जा ना," मी म्हटलं. "भरती आली असेल."

"गेली उडत भरती." त्याचा आवाज फाटला. "उजव्या बांगड्या दर्याला दिल्यास. डाव्या मला. आज तर माझ्यापायी हातच लावलास पणाला. तुला काय ठेवलंस गो?"

तो चोळत राहिला, मी छताकडे बघत राहिले. बाहेर दिवे लागले.

मग त्याच्या तळव्यात काहीतरी खाजवल्यासारखं झालं असावं, कारण तो एकदम थांबला. माझी करंगळी. मेली, मुंगीसारखी वळवळत होती.

"हा हात," मी म्हटलं. "मला हा ठेवलाय. सोड आता, चोळून चोळून सालटं काढशील मेल्या!"

त्यानं सोडला नाही. आणि मी रडले, अगदी भोकाड पसरून. बीपीची भीती होती कुणाला आता?