म्हातारीची बरणी

परातीतल्या मैद्यात खळगा करून त्याने बरणीतलं आंबवलेलं पीठ घाईघाईने ओतलं. लेक प्रवासातून नुकतीच आली होती आणि आत हातपाय धूत होती. ती बाहेर यायच्या आत पीठ मळून व्हायला हवं होतं. एकदा मळलं की बरणीत काय होतं ते कोण ओळखणार?

चाळीस वर्षं त्याने लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. आधी साफसफाई, मग बाकीचं, हा त्याचा नियम. चार महिन्यांपूर्वी बायको गेली. घर खायला उठलं, करायला काही सुचेना, म्हणून एके दुपारी त्याने फ्रिज रिकामा करून घासला. मागच्या कोपऱ्यात एक बरणी होती. वर काळपट पाणी, आंबूस वास. त्याने ती मोरीत ओतली आणि स्वच्छ धुऊन पालथी घातली. काम चोख केल्याचं समाधानही वाटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिने विचारलं, "म्हातारीला जेवायला घातलंत का?" आणि त्याची नजर पालथ्या बरणीवर गेली.

म्हातारी म्हणजे ती बरणी. बायको दर रविवारी पिझ्झा करायची. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा काढून बरणीत ठेवायची, त्याला रोज चमचाभर मैदा आणि पाणी घालायची, आणि पुढच्या रविवारी तेच नव्या पिठात मिसळायची. अशी अकरा वर्षं. विकतचं यीस्ट तिने घरात येऊ दिलं नाही. म्हातारी हे नाव लेकीने ठेवलेलं, तेवढं त्याच्या कानावर होतं. तो आपला दर रविवारी ताटावर बसायचा आणि ताव मारायचा. पीठ कशाने फुगतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"घातलं," तो फोनवर म्हणाला. मग रोज तेच म्हणत राहिला. परवा लेकीने येते म्हणून कळवलं, तेव्हा त्याने गुपचूप यीस्ट आणलं आणि मैद्यात कालवून तीच बरणी भरून ठेवली.

लेक बाहेर आली. बापाचे कोपरापर्यंत बरबटलेले हात बघून तिला हसू आलं. भिंत लिंपायची नाहीये, सरका, म्हणत तिने परात ओढली. तीन-चारदा पीठ दाबलं असेल, तोच तिचे हात थांबले. तिने बोटं नाकाशी नेली.

"बाबा, हे आईचं नाही."

सबब त्याने दोन दिवस घोकली होती. ऐन वेळी तोंडून खरं तेच निघालं.

"वास येत होता गं. मला वाटलं, नासलं. मीच ओतलं मोरीत," तो म्हणाला. "तिच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं."

आता ही चिडेल, रडेल, उठून जाईल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. लेकीने पीठ पुन्हा मळायला घेतलं.

"लग्न झालं तेव्हा आईने मला म्हातारीतली अर्धी दिली होती," ती म्हणाली. "महिन्याभरात मेली माझ्याकडे. आई दर फोनला विचारायची. मी शेवटपर्यंत सांगत राहिले, मजेत आहे म्हणून."

तिने मनगटाने डोळे पुसले. कपाळाला पीठ लागलं.

"म्हणून तुमच्या मागे लागायचे रोज. निदान तुमच्याकडची तरी राहावी."

पीठ तासाभरात टम्म फुगलं. बायकोचं सकाळपासून दुपारपर्यंत वेळ घ्यायचं. पिझ्झा दिसायला झकास झाला, चवीला नुसता पाव. दोघांनी तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. छान झालाय, असं कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक गेली. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"म्हातारीला जेवायला घातलंत का?"

फोन कानाशी धरून त्याने फ्रिज उघडला. काल पीठ थापायच्या आधी लेकीने लिंबाएवढा गोळा काढून बरणीत टाकला होता. त्याने चमचाभर मैदा घातला, पाणी घातलं, ढवळलं.

"घातलं," तो म्हणाला.

मग त्याने बरणी नाकाशी नेली. तो आंबूस वास अजून नव्हता, मैद्याचाच होता. बायको लावायची तसं झाकण सैल लावून त्याने बरणी मागच्या कोपऱ्यात ठेवली.